बोडखीवरची खर्पुडी

प्रयाग,

काल कॉलेजात तुझी शोकसभा झाली आणि मी मधूनच उठून बाहेर आले. फोटो लावला होता तो तुझ्या ओळखपत्रावरचा. त्यात तू पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसतेस असं तूच म्हणायचीस. त्याला झेंडूचा हार. प्राचार्य उभे राहिले आणि म्हणाले, "प्रयागताई निसर्गप्रेमी होत्या, फुलापानांत रमायच्या." वनस्पतिशास्त्र शिकवण्यात सारं आयुष्य घालवलेल्या बाईला फुलापानांत रमायच्या म्हणतात! मला तुझा आवाज ऐकू आला. "प्रेमी कामून? मी काय बागंत फिरायला जाते का डोंगरावर?" तू हे तोंडावर म्हणाली असतीस. मी म्हणाले नाही. मी उठले, खुर्ची मुद्दाम जोरात सरकवली आणि बाहेर येऊन गाड्यांच्या स्टँडवर उभी राहिले.

मला राग आलाय. तू गेल्यापासून रडू कमी आणि राग जास्त येतोय. लोक रडणाऱ्या बाईला पाणी आणून देतात. रागावलेल्या बाईचं काय करायचं ते कुणाला कळत नाही.

तू गेलीस आणि मग तुझ्या गल्लीत धुराची गाडी आली. आधी नाही, मग. माणसं घरोघर जाऊन ड्रम उपडे करायला लागली, आणि बायका दारात उभ्या राहून ओरडत होत्या, की हे ओतून दिल्यावर प्यायचं काय? नळाला पाणी कधी येणार ते कुणाला माहीत नसतं. आलं की दिसेल त्या भांड्यात भरून ठेवायचं आणि पुढचं येईपर्यंत पुरवायचं, असं ह्या शहरात आपण सगळे जगतो. साठवलेल्या पाण्यात डास होतात आणि डासांनी डेंग्यू. ह्यात न समजण्यासारखं काय आहे? तरी तुझ्या शेजारीणबाई मला म्हणाल्या, "त्या कुंड्यांपायी गेल्या हो मॅडम. गच्चीवर पाणी भरून ठेवायच्या ना झाडांना." मी त्यांना काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्या कुंड्यांत खर्पुडीचे कंद आहेत, त्यांना पाणी लागतच नाही, प्रयाग. उन्हाळाभर एक थेंब घातला नाहीस तू. खर्पुडीइतकं कमी मागणारं तुझ्या घरात कुणी नव्हतं, तूसुद्धा नाही.

पण रागाची रांग लावायची तर पहिला नंबर तुझा आहे.

विद्यापीठात एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला तू माझ्या शेजारी येऊन बसलीस ते मला आठवतं. तू सोयगावकडची, शेतकऱ्याच्या घरची, तेलानं चापून बसवलेली वेणी. मी शहरातली. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पूजा सांगणं आणि दफ्तर सांभाळणं, ह्यापलीकडे मातीशी संबंध तुळशीपुरता. सरांनी पडद्यावर एक चित्र दाखवलं. नाजूक वेल, आणि तिला कंदिलासारखं फूल. खाली फुगीर, वर निमुळती नळी, आणि टोकाला जांभळट पाकळ्या एकमेकींना चिकटून झालेला पिंजरा. सर म्हणाले, ही अत्यंत दुर्मीळ, जगात फक्त आपल्या ह्या डोंगररांगेत सापडते. तू माझ्या कानाशी लागलीस. "अगं, ही खर्पुडी. शेळ्यांमागं जायचो तवा आम्ही हिचे कंद उकरून खायचो. लई गोड लागतात."

मी तोंडावर हात धरून हसले. तू नाही हसलीस. तास संपल्यावर म्हणालीस, "किती खाल्ल्या आसतील गं मी?" पुढची पंचवीस-तीस वर्षं तू त्याच प्रश्नाच्या मागं होतीस असं मला वाटतं. तुला विचारलं असतं तर तू कबूल केलं नसतंस.

आपल्याला दोन ठिकाणं माहीत होती. एक तुझ्या गावामागचा डोंगर. तिथं चांगल्या पावसाळ्यात खर्पुडी इतकी उगवायची की पाय ठेवताना बघावं लागायचं. आणि दुसरं खुलताबादच्या वाटेवरची ती टेकडी, जिला आसपासचे लोक बोडखी म्हणतात. नाव बरोबरच आहे. कुसळी गवत, काळा दगड, निवडुंगाची बेटं. त्या निवडुंगाच्या आडोशाला शोधून शोधून मूठभर वेली मिळायच्या. सगळ्या पुस्तकांत दोन्हींकडची वेल एकच. मीही तेच म्हणायचे. तुला मात्र बोडखीवरचं फूल वेगळं वाटायचं. पाकळ्यांची टोकं थोडी जास्त वळलेली, नळीच्या आतले केस थोडे दाट. मी म्हणायचे, अगं, दगड वेगळा, ऊन वेगळं, म्हणून फूल वेगळं दिसतं. माणसं नाही का, एकाच घरातली एक काळी, एक गोरी. तू म्हणायचीस, "बरं, तपासू मग."

दुष्काळ सुरू व्हायच्या आधीचा तो शेवटचा बरा पावसाळा. आपण दोन्ही डोंगरांवरून प्रत्येक वेलीचं फक्त एक पान खुडलं. तू खुडायचीस, मी पाकिटात टाकून त्यावर खूण करायचे. पाकिटात ओल शोषणारे ते निळे दाणे. ही पानं दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेली आणि त्यांच्यातला डीएनए वाचून निकाल आला, तेव्हा तू स्टाफरूममध्ये माझ्या टेबलावर तो कागद आपटलास. मी वाचला. परत वाचला. मला राग आला होता, कारण तू बरोबर होतीस, आणि मला वाटलं होतं त्याहून खूप जास्त बरोबर होतीस.

बोडखीवरच्या वेली सोयगावच्या वेलींपासून केव्हाच्या दुरावल्या होत्या. वेरूळचा डोंगर कोरायला पहिली छिन्नी लागली, त्याच्याही फार फार आधी. इथं पहिला माणूस नांगर घेऊन आला, त्याच्याही आधी. तेव्हापासून ह्यांची त्यांची गाठ पडलेली नाही. आणि खरी गंमत पुढेच होती. सोयगावला शेकड्यांनी असलेल्या वेली आतून जवळजवळ सारख्या. बोडखीवरच्या मूठभर वेली मात्र एकमेकींपासून वेगळ्या, प्रत्येकीत काहीतरी असं की जे दुसरीत नाही.

"म्हणजे बग," तू म्हणालीस, आणि चहाच्या कपाखालची बशी पालथी घालून त्यावर बोटानं रेघा मारायला लागलीस, "आमच्याकडची सगळी एकाच आज्याची लेकरं. दोन-चार बिया कधीतरी तिथं पडल्या आन् त्यांचंच गाव झालं. एक रोग आला की सगळं गाव एकदम झोपंल. आन् ही बोडखीवरची. ही जुन्या वस्तीतली उरलेली माणसं. घर एकेकच उरलंय, पण प्रत्येक घर निराळ्या कुळाचं. उद्या पाऊस बदलला, ऊन वाढलं, तर तगायचं कसं ते हिच्यातल्या कुणाला तरी म्हाईत आसंल. आमच्या गावात ते कुणालाच म्हाईत नाय."

पुढं मी वर्गात हा विषय शिकवला तो नेहमी ह्याच शब्दांत. तुझं नाव न घेता. पोरांना लगेच कळायचं.

मग पाऊस गेला. एका वर्षी गेला, दुसऱ्या वर्षीही गेला. लासूर स्टेशनच्या बाजारात कडब्याच्या गाड्या येणं थांबलं, कॉलेजातली पोरं आंघोळीला गावाकडं जाऊ की गावाकडच्या माणसांना इथं बोलावू अशा घोळात. बोडखीवर काहीच उगवलं नाही. तुला त्याची काळजी नव्हती. खर्पुडीला पाऊस नसला की ती वर येतच नाही, जमिनीखाली कंद होऊन पडून राहते, हे तुला लहानपणापासून माहीत. "झोपलीय. झोपू दे," म्हणायचीस.

पण शहर झोपलेलं नव्हतं. त्याच दोन वर्षांत ते खुलताबादच्या वाटेनं सरकत सरकत बोडखीच्या पायथ्याशी आलं. आधी चुन्याच्या रेघा, मग सिमेंटचे खांब, मग रंगीत झेंडे लावलेलं प्लॉटिंगचं ऑफिस. टेकडी अर्धी सपाट करायची, वरून रस्ता काढायचा. कायद्यानं आधी पाहणी करावी लागते, ती त्यांनी केली. वैशाखात केली. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, भर वैशाखात, दोन माणसं चढली आणि उतरली आणि अहवालात लिहिलं, विरळ गवत व काटेरी झुडपे, दुर्मीळ वनस्पती आढळली नाही.

आढळली नाही! जमिनीखाली झोपलेल्याला हाका न मारता घरात कुणी नाही असं लिहून मोकळे.

आपण हरकत नोंदवली आणि सुनावणीला दोघी गेलो. तू इस्त्रीची साडी नेसली होतीस आणि शुद्ध बोलायचं ठरवून आली होतीस. तू निकाल वाचून दाखवलास, वाळवलेले नमुने दाखवलेस, पुष्कळ सांगितलंस. समोर बसलेले, परवानगीवर सही करणारे साहेब वाईट माणूस नव्हते. तेच जास्त त्रासदायक होतं. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मॅडम, तुम्हीच म्हणता ही वनस्पती सोयगावला शेकड्यांनी आहे. मग जात तर टिकलीच की. इथली गेली तर बिघडलं कुठं?"

तुझी शुद्ध भाषा तिथंच संपली. "साहेब, तुमच्याच नावाचा दुसरा माणूस जालन्यात हाये. म्हणून तुमच्या घरचे तुम्हाला सोडून देतील व्हय?"

सगळी खोली हसली. साहेबही हसले. तू विनोद केला नव्हतास. तू टेबलाखाली माझं मनगट घट्ट धरलं होतंस. त्या हसण्यात आपण हरलो हे मला त्याच क्षणी कळलं.

साहेबांनी तरी एक संधी दिली. "चला, प्रत्यक्ष दाखवा. एक जरी दिसली तरी मी फाईल परत पाठवतो." आपण सगळे बोडखीवर गेलो. ऊन असं की दगडाला हात लागला तर पोळेल. तू त्यांना निवडुंगाचं बेट दाखवलंस. "इथं खाली हायेत."

"कुठं?"

"खाली. मातीत."

साहेबांनी मातीकडं बघितलं. मीही बघितलं. मग मी तुला बाजूला घेतलं. आठवतं ना? मी म्हणाले, "उकर. एकच कंद काढ. त्यांच्या हातात दे."

"नाय."

"प्रयाग, एक. बाकीच्या वाचतील."

"ह्या उन्हात उघडा पडला की मेला तो. आन् तो कोण हाये तुला म्हाईत हाये का? त्याच्यात काय हाये, जे दुसऱ्यात नाय, तुला म्हाईत हाये?"

"नाही माहीत. पण साहेब निघालेत."

"वाचवायचं म्हणून मारायचं, हे मला नाय जमत. तुला जमतं तर तू उकर."

मी नाही उकरलं. तुझ्या हातातली खुरपी मी हिसकावून घ्यायला हवी होती का, हे तेव्हा मला कळलं नाही, आजही कळत नाही. साहेब रुमालानं मान पुसत उतरून गेले. जेसीबी पुढच्या आठवड्यात आला, त्याच्या मागून पोकलेन. टेकडीचा पूर्वेकडचा सगळा भाग कापून नेला. तो लाल-काळा मुरूम हायवा ट्रक भरभरून रस्त्यांच्या भरावाला गेला. आपण वेलींचं जे मूठभर कुळ मोजलं होतं, त्यातली निम्म्याहून जास्त घरं त्या भरावात गेली. आज त्यांच्यावरून गाड्या जातात.

त्या दिवसापासून मी तुला एकच गोष्ट ऐकवत आले, एक कंद उकरला असतास तर. आणि तू दर वेळी उलटून म्हणायचीस, त्यांना पुरावा नको होता, निमित्त हवं होतं. कंद दाखवला असता तर म्हणाले असते, रताळं हाये.

उरलेल्या पश्चिमेच्या उतारावरून आपण पुन्हा भांडलो. मी म्हणाले, जे राहिलंय ते काढू आणि तुझ्या गावच्या डोंगरावर लावू, निदान जगेल. तुला इतकं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "तिथं लावलं की तिथल्यांशी मिसळंल. चार पिढ्यांत ओळखू नाय येणार. एवढी हजारो वर्षं जे निराळं राहिलं, ते तू एका टोपलीत घालून संपवशील. बिल्डरपेक्षा तू वाईट." मी म्हणाले, "मेलेलं निराळं राहून काय करू, लोणचं घालू?" मग सगळा हिवाळा आपण बोललो नाही. एकाच स्टाफरूममध्ये, समोरासमोरच्या टेबलांवर. शिपाई माझा निरोप तुला सांगायचा आणि तुझा मला.

बोलणं सुरू झालं ते तुझ्या गच्चीवर. तू स्वतःच वाट काढलीस. उताराच्या कापलेल्या कडेला जे कंद उघडे पडायला आले होते तेवढेच काढलेस आणि त्याच टेकडीच्या मातीत, दगडासकट, कुंड्यांत लावलेस. ते कुठल्याही दुसऱ्या खर्पुडीजवळ नेणार नव्हतीस. मला फोन केलास, "ये, तुझं लोणचं घातलंय." मी आले. दोघी गच्चीवर बसून तिखट शेव खात होतो आणि त्या कोरड्या, मुकाट कुंड्यांकडं बघत होतो. त्या संध्याकाळी मी सुखी होते. हे मी तुला म्हणाले नाही. असं आपण एकमेकींना कधी म्हणतच नव्हतो.

आणि मग यंदा पाऊस आला. उशिरा आला पण आला. श्रावणात तुझा फोन. आवाज जड.

"विद्या, निघाल्या आसतील वर. चल."

"तुला ताप आहे."

"हाये थोडा."

"थोडा नाही. बोलताना दम लागतोय तुला. आधी रक्त तपास."

"उद्या तपासते. ह्या काय वर्षभर थांबणाऱ्यात का माझ्यासाठी? दोन वर्षांनी येतायत."

मला "नाही" म्हणता आलं असतं. पण मलाही बघायचं होतं. रिक्षावाला पायथ्याशीच थांबला, म्हणाला, "मॅडम, इसके उप्पर नई जाती. कीचड है." तू माझ्या खांद्यावर हात ठेवून चढलीस. हात तापलेल्या तव्यासारखा. पूर्वेकडं बघितलं नाहीस. पश्चिमेच्या उतारावर, हायवानं ओतलेल्या राडारोड्याच्या ढिगातून, विटांच्या तुकड्यांमधून त्या वर आल्या होत्या. एक, मग आणखी एक, मग निवडुंगाच्या आत एक झुपका. फुलंही होती. तू दगडावर बसलीस, कुडकुडत होतीस आणि हसत होतीस. मला एका फुलाजवळ बोलावलंस. आत एक बारीक माशी अडकली होती. नळीतले केस खाली वळलेले असतात, माशी आत जाते पण बाहेर पडता येत नाही. केस वाळेपर्यंत ती आतच, आणि सुटते तेव्हा अंगावर पराग घेऊन सुटते. हे दोघींनीही वर्षानुवर्षं वर्गात शिकवलेलं, पण त्या दिवशी आपण दोघी पहिल्यांदाच बघत असल्यासारख्या बघत राहिलो. मी फोटो काढले. पुष्कळ काढले. तू म्हणालीस, "आता म्हणावं, आढळली नाय म्हणून."

उतरताना तू दोनदा बसलीस. मी तुला तशीच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्ताचा कागद बघितला आणि आधी का नाही आणलं असं मला विचारलं. प्लेटलेट उतरत गेल्या. सलाईन चढत राहिली. एका दुपारी, तुझी माय गावाहून पोचली त्याच दुपारी, तू गेलीस. तिचं गाठोडं अजून तिच्या काखेतच होतं.

तुला कळत होतं. तू शास्त्र शिकलेली बाई, डेंग्यूच्या तापात डोंगर चढू नये हे तुला कळत होतं. एक कंद मारायला तू तयार नव्हतीस आणि स्वतःला मात्र असं उघड्या उन्हात काढून ठेवलंस. तुझ्यात काय होतं, जे दुसऱ्या कुणात नाही, ह्याचा हिशेब तू नाही केलास. तो मला करावा लागतोय.

ऐक, पुढं काय झालं ते. तू दवाखान्यात होतीस तेव्हाच मी फोटो जोडून अर्ज दिला. लिहिलं, ह्या वेळी पाऊस असताना या. तुझ्या दहाव्यानंतर ते आले, तेच साहेब. मी त्यांना उतारावर नेलं. त्यांनी खाली वाकून फूल बघितलं, बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "त्या दुसऱ्या मॅडम नाही आल्या?" मी सांगितलं. ते म्हणाले, "वाईट झालं. त्या दिवशी त्यांनी एक जरी काढून दाखवली असती..."

ते माझं वाक्य होतं, प्रयाग. अक्षर न अक्षर माझं. त्या दिवसापासून मी ते तुला ऐकवत होते. त्यांच्या तोंडून ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "आणि साहेब, त्या दिवशी तुम्ही पावसाची वाट बघितली असतीत तर? त्या झोपल्या होत्या. झोपलेल्याला मारून दाखव म्हणायचं आणि नाही मारलं तर म्हणायचं, होतंच कुठं? तिची चूक?" आजूबाजूची माणसं बघायला लागली. मी थांबले नाही. तू जिवंत असताना तुझ्या बाजूनं जे एकदाही म्हणाले नाही ते सगळं मी तिथं, चिखलात उभी राहून, त्या माणसाला ऐकवलं. ते उतारावरचं काम थांबवायला सांगून गेले. कागद येईल म्हणाले. आला की बघू.

म्हणून तू बरोबर होतीस असं मी म्हणत नाही. मला अजूनही वाटतं, एक उकरायला हवा होता. फक्त हे दुसऱ्या कुणी म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही.

प्लॉटिंगवाल्यांचा माणूस तुझ्या घरी आला होता, तेही सांगते. हातात फळांची टोपली. तुझ्या मायला म्हणाला, आम्ही तिथं बाग करतोय, हिरवळ, कारंजं, पामची झाडं, तिला ताईंचं नाव द्यायचंय. मी तोंड उघडायच्या आत मावशींनीच, तुझ्या मायनंच, विचारलं, "कारंज्याला पाणी कुठून आणणार तुम्ही?" तो म्हणाला, बोअर घेतलाय. मावशी म्हणाल्या, "मंग आधी हिच्या गल्लीला द्या. नाव नंतर बघू." टोपली त्याच्या हातातच राहिली.

आज सकाळी मावशी मला म्हणाल्या, "इद्याबाई, मला तिथं ने. कशापायी गेली माझी पोर ते बघू दे."

मी नेलं. मला भीती वाटत होती, पण कशाची ते कळत नव्हतं. मावशी काठी टेकत चढल्या. मी त्यांना निवडुंगाजवळची वेल दाखवली. करंगळीएवढीही जाड नाही, दोऱ्यासारखी, त्यावर एकुलतं एक फूल. मावशींनी ती बघितली. मग माझ्याकडं बघितलं.

"ही?"

"हो."

"खर्पुडी?" त्यांचा आवाज चढला. "खर्पुडीपायी? अगं, आमच्या बांधाला लई हाये ही! टोपल्यानं हाये!"

मला तुझी सगळी वाक्यं पाठ होती. एका आज्याची लेकरं, जुन्या वस्तीतली घरं, सगळी. मी तोंड उघडलं आणि मला एकही म्हणता आलं नाही. लेक गेलेल्या बाईला मी कुठल्या तोंडानं सांगू, की मावशी, ही तशी दिसते पण ती नव्हे, हिच्यासारखी दुसरी नाही?

मावशी वाकल्या आणि त्यांनी ती वेल मुठीत धरून ओढली. मी हात पुढं केला, पण त्यांना अडवलं नाही. कंद काही वर आला नाही. वेल जमिनीलगत तुटली आणि त्यांच्या मुठीत राहिली. त्या तिथंच खाली बसल्या, राड्यात, आणि पहिल्यांदा रडल्या. मूठ छातीशी धरून, मोठ्यानं, "माझी शानी माय गं, माझी प्रयाग गं" करत. मीही त्यांच्याजवळ बसले. किती वेळ ते माहीत नाही. रस्त्याच्या बाजूनं ट्रकचे हॉर्न येत होते.

मग मी काय केलं ते ऐक, आणि काय म्हणायचं ते म्हण. त्या झुपक्यातल्या ह्या वेलीचं पान आपल्याकडं नव्हतं. ही नवीन होती, आपण कधी तपासलेली नव्हती. मावशींचं रडणं अजून पुरतं थांबलेलं नव्हतं आणि मी म्हणाले, "मावशी, ह्यातलं एक पान मला द्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता काठी बसणार. त्यांनी मूठ उघडली.

"हिच्यासारखीच हायेस तू पण," त्या म्हणाल्या. "घे."

मी पान पाकिटात घातलं, त्यावर खूण केली, आणि मावशींना हाताला धरून खाली उतरवलं. पान उद्या प्रयोगशाळेला जाईल. निकाल आला की मी तो वाचीन आणि त्याचा काहीतरी अर्थ लावीन, बहुतेक घाईनं, बहुतेक चुकीचा. आणि समोरच्या टेबलावरून "नाय" म्हणणारं कुणी नसेल. ह्याचा राग जाणार नाही, प्रयाग. तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

विद्या